आमसूलाच्या अर्काचा २१ मिमी झोन आलाय, खरा मानायचा का? (एमएस्सी मायक्रो प्रोजेक्ट)

रातांबा

नमस्कार मंडळी, मी एमएस्सी मायक्रोच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव सिंधुदुर्गात, आणि प्रोजेक्टला विषय घेतलाय कोकमाच्या सालीची बॅक्टेरियाविरोधी ताकद. विषय घेण्याचं कारण प्रामाणिकपणे सांगायचं तर आजीच्या माळ्यावर सोलांचा (म्हणजे आमसुलांचा) डबा फुकट उपलब्ध आहे, बाकी उगाच उदात्त काही नाही.

केलं काय ते सांगते. सोलं वाळवून मिक्सरला काढली, तीन अर्क केले - पाण्यातला, मिथेनॉलमधला आणि हेक्झेनमधला. तिन्ही सुकवून १०० मिग्रॅ प्रति मिली केले, पाण्यातला पाण्यात आणि बाकीचे दोन डीएमएसओ या द्रावकात. मुलर हिंटन अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर ०.५ मॅकफार्लंडचं, म्हणजे ठरावीक गढूळपणाचं, जंतूंचं कल्चर स्वॉबने पसरवलं, ८ मिमीची विहीर, प्रत्येकीत १०० मायक्रोलिटर, रात्रभर ३७ ला ठेवलं. निकाल असा (झोन म्हणजे विहिरीभोवती जंतू न उगवलेलं रिंगण, त्याचा व्यास मिमीत; एस. ऑरियस आणि ई. कोलाय हे दोन जंतू):

पाण्यातला - एस. ऑरियस २१ मिमी, ई. कोलाय १९
मिथेनॉल - १७ आणि १३
हेक्झेन - ११ आणि काहीच नाही
जेंटामायसिन (अँटिबायोटिक) १० मायक्रोग्रॅमची डिस्क - दोन्हीवर २२ च्या आसपास

नुसत्या डीएमएसओला झोन नाही, ते चेक केलंय.

आता सर एकदम खूश, म्हणाले पाण्यातला अर्क जवळजवळ जेंटामायसिनइतकाच चालतोय, हेक्झेनचं काढून टाक, पाण्याचं घेऊन पेपर लिहू आणि जमलं तर पेटंटचंही बघू. मला पण आधी भारी वाटलं, पण लॅबमधली मैत्रीण म्हणते इतकं सोपं असतं तर सोलकढी पिऊन सगळ्यांचे इन्फेक्शन बरे झाले असते, आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आजीला विचारलं तर ती म्हणे "अंगार पित्त उठला काय सोलांचा पाणी लावतत, तुझा बॅक्टेरिया बिक्टेरिया माका सांगा नको".

कुणी अनुभवी असेल तर सांगा, मी कुठे चुकतेय का?

पेट्रीताई

रातांबा, आधी मैत्रिणीला माझ्याकडून एक वडापाव.

मी औषध कंपनीत क्यूसी मायक्रोला १४ वर्षं आहे, आणि असल्या वनस्पतींच्या अर्कांचे झोन बघून बघून डोळे पिकलेत. तुझ्या पोस्टमधे एक आकडा नाहीये आणि नेमका तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो म्हणजे अर्काचा पीएच. अगं आमसूल आहे ते!! आमटीत दोन टाकले तर अख्खं पातेलं आंबट होतं, आणि तू त्याचा १०० मिग्रॅ प्रति मिलीचा काढा विहिरीत ओतलायस. कोकमात हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड भरपूर असतं, मुलर हिंटनचा पीएच साधारण ७.२ ते ७.४, मग विहिरीच्या भोवती आम्लाचं एक रिंगण तयार होतं आणि त्यात जंतू वाढत नाहीत. हा झोन खोटा नाही पण औषधाचाही नाही, लोणचं टिकतं त्याच कारणाने तो आलाय. आम्लाचा जो भाग पाण्यात फुटलेला नसतो तो जंतूच्या आत शिरतो आणि आत जाऊन फुटतो, आतलं सगळं आंबट होतं आणि जंतू आटपतो.

एक फुकटातली युक्ती देते. तीच प्लेट अजून फ्रीजमधे असेल तर (असेलच, प्रोजेक्टवाल्यांच्या प्लेटा महिनोन्महिने पडून असतात) पीएच पेपरची पट्टी विहिरीच्या काठापासून बाहेरपर्यंत अगारवर आडवी ठेव आणि दाबून बघ. विहिरीजवळ लाल-नारिंगी आणि बाहेर जाता जाता हिरवी होत गेली तर काय समजायचं ते समज. नंतर पट्टी आणि प्लेट दोन्ही ऑटोक्लेव्हला, बेसिनमधे नको.

आणि जेंटामायसिनशी तुलना करताना एक साधा हिशोब कर. डिस्कमधे १० मायक्रोग्रॅम. तुझ्या विहिरीत १०० मिग्रॅ प्रति मिलीचे १०० मायक्रोलिटर म्हणजे १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. हजार पट माल टाकून बरोबरी झालीय आणि आपण म्हणायचं "जेंटामायसिनइतकाच". वर एक डिस्क आणि एक विहीर, दोन्हीतून माल पसरायची तऱ्हा वेगळी, त्यामुळे मिमीला मिमी लावून तुलना करताच येत नाही. हे वाक्य असलेले पेपर ढिगाने आहेत ते मला माहितीये, म्हणून तू पण लिहायचं असं नाही.

अजून एक, सोलं बाजारातली की घरची? मीठ लावलेली का?

रातांबा

ताई घरचीच, आजी रातांब्याची सालं रसात बुडवून उन्हात घालते, परत बुडवते परत घालते, आणि मीठ असतं त्यात. अरे देवा म्हणजे मिठाने पण झोन येतो का?? मीठ तर मी धरलंच नव्हतं.

पट्टी उद्या लावते. प्लेट आहे फ्रीजमधे, बरोबर ओळखलंत 😅

पेट्रीताई

मिठाने येऊ शकतो, पण तुझ्याच आकड्यात उत्तर आहे बघ. एस. ऑरियसला मिठाचं काही पडलेलं नसतं, मॅनिटॉल सॉल्ट अगारमधे ७.५ टक्के मीठ घालतो आपण आणि त्यावर तो मजेत वाढतो, बाकीचे बरेच अडतात म्हणूनच तर ते माध्यम वापरतो. मुख्य गुन्हेगार मीठ असतं तर ई. कोलायचा झोन मोठा आणि ऑरियसचा छोटा दिसला असता. तुझ्याकडे उलटं आहे. तरी पुढच्या वेळी आजीला मीठ न लावलेली थोडी सालं वेगळी वाळवायला सांग.

वैद्यबुवा

चर्चा वाचतोय, मजा येतेय. मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो, कोल्हापूरकडे. कोकमाला आमच्याकडे वृक्षाम्ल म्हणतात, म्हणजे नावातच अम्ल आहे, पेट्रीताईंनी जे शोधलं ते नाव ठेवणाऱ्याने आधीच सांगून ठेवलंय हाहा.

पण एक सांगावंसं वाटतं. आमचीच काही मंडळी असे झोनचे फोटो फॉरवर्ड करतात, "आयुर्वेद सिद्ध झाला" म्हणून, तेव्हा मला संकोच होतो. वृक्षाम्लाचा उपयोग लिहिलाय तो भूक लागायला, जुलाबात आवळून धरायला, तोंडाला चव यायला. त्यात प्लेटवर ऑरियस मारायचा दावा कुणी केलेला नाही, मग प्लेटवर नाही मेला तर आयुर्वेद खोटा ठरत नाही आणि मेला तर खराही ठरत नाही. आजी पित्तावर पाणी लावते ते पण जंतू मारायला नाही, खाज आणि आग कमी व्हावी म्हणून. तिचं म्हणणं बरोबरच आहे, तिला बॅक्टेरिया सांगू नकोस.

दुसरी बाजू पण बोलतो. तुम्ही लॅबवाले एक घटक वेगळा काढता, तो चालला नाही की म्हणता वनस्पतीत दम नाही, हे मला पटत नाही. अख्ख्या वनस्पतीत दहा गोष्टी एकत्र काम करत असतात.

गाळणकागद

वैद्यबुवा, शेवटचं वाक्य बहुतेक वेळा पळवाट म्हणून वापरलं जातं (तुम्ही नाही वापरलं, पण वापरतात), तरी एक उदाहरण असं आहे की तिथे ते शब्दशः खरं निघालं, आणि ते आपल्या दारूहळदीच्या कुळातलं आहे. त्या झुडपांत बर्बेरिन असतं, पिवळंधमक. बर्बेरिन एकटं ऑरियसवर टाकलं तर फार काही जमत नाही कारण ऑरियसकडे नॉरए नावाचा पंप आहे, आत आलेलं बर्बेरिन तो बाहेर फेकतो, नाव गळायला लागली की डब्याने पाणी उपसतात तसं. २००० साली अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं की त्याच झुडपांत ५-मेथॉक्सीहायड्नोकार्पिन नावाचं दुसरं द्रव्य आहे, जे स्वतः जंतू मारत नाही पण तो पंप बंद पाडतं, आणि मग बर्बेरिन आत साठतं आणि काम करतं. म्हणजे वेगळं काढलं की दोघंही नापास आणि एकत्र पास. पण बघा, हे कळलं ते दोन्ही वेगळे काढून एकेक तपासले म्हणूनच. "दहा गोष्टी एकत्र" एवढं म्हणून थांबलो असतो तर कोणत्या दहा ते कधीच कळलं नसतं.

(मी फायटोकेमिस्ट्रीत पीएचडी केली, पुण्यात, आता शिकवतो. नाव गाळणकागद कारण आयुष्याची पाच वर्षं गाळण्यात गेली.)

आता रातांबा, तुझ्या सरांनी जे काढून टाकायला सांगितलं ना, माझा सगळा इंटरेस्ट त्यातच आहे. हेक्झेनचा ११ मिमी!! कोकमाच्या सालीत गार्सिनॉल असतं, पिवळसर, पाण्याशी वैर आणि तेलकट गोष्टींशी मैत्री असलेलं. हेक्झेनमधे ते उतरतं, आणि आम्ल हेक्झेनमधे जवळपास येत नाही. मिथेनॉलमधे मात्र आम्ल पण येतं, म्हणून तुझ्या मिथेनॉलच्या आकड्यावर माझा तेवढा विश्वास नाही. गार्सिनॉलचं काम एस. ऑरियसवर, अगदी एमआरएसएवर (बऱ्याच अँटिबायोटिकना न जुमानणारा ऑरियस) सुद्धा, आधी छापून आलेलं आहे, आणि तुला ऑरियसवर मिळालं, ई. कोलायवर नाही मिळालं, हे चित्र पण जुळतं कारण ई. कोलायच्या बाहेर जो जादा पापुद्रा असतो तो असल्या तेलकट रेणूंना आत घेत नाही. आम्ल दोघांनाही मारतं.

आणि ११ मिमी छोटा दिसतो म्हणून कमजोर समजू नको. अगार म्हणजे बहुतांशी पाणी. तेलकट रेणू त्यात सरकतच नाही, विहिरीच्या काठाला चिकटून बसतो, आणि आंबट पाणी मात्र मस्त लांबवर पसरतं. झोनचा आकार म्हणजे ताकद गुणिले पसरायची क्षमता, आपण फक्त ताकद समजतो. हळदीच्या कर्क्युमिनचं पण हेच रडगाणं. म्हणून झोन सोड आणि एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारं सगळ्यात कमी प्रमाण) कर, ९६ खड्ड्यांच्या प्लेटमधे, १००० मायक्रोग्रॅमपासून निम्मं निम्मं करत खाली ये, डीएमएसओ शेवटी १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नकोस, आणि नुसत्या डीएमएसओची एक रांग ठेव. रिझाझुरिन घातलंस तर निळ्याचं गुलाबी होतं ते वाढ असली की, पण कोकमाचा स्वतःचा लाल रंग आहे, पाण्याच्या अर्कात गोंधळ होईल, त्यामुळे जिथे शंका येईल त्या खड्ड्यातून लूपभर काढून साध्या अगारवर रेघ ओढ, उगवलं की जिवंत. साधारण असं धरतात की कच्चा अर्क १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली चालला तर पुढे जाण्यात अर्थ आहे, आणि १००० च्या वर लागत असेल तर बोलूच नये.

रातांबा

अपडेट देते, आणि थोडी गोंधळलेय पण.

पट्टी लावली, विहिरीला चिकटून केशरी आणि बाहेर हिरवी, ताईंनी सांगितलं अगदी तसंच. अर्काचा पीएच मीटरवर २.४ आला. मग मी हुशारी करून कंट्रोल लावला, पाण्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड घालत पीएच २.४ केला आणि तेच १०० मायक्रोलिटर विहिरीत. झोन आलाच नाही!! ना ऑरियसवर ना ई. कोलायवर. सर म्हणाले बघ, पीएच तोच असून झोन नाही, म्हणजे अर्कात काहीतरी आहेच. आता मला पण तसंच वाटतंय. पीएच नाहीये ना मग कारण?

पेट्रीताई

थांब थांब थांब. पेपर पाठवू नका अजून.

पीएच सारखा म्हणजे आम्ल सारखं नव्हे गं. हायड्रोक्लोरिक जोरदार आम्ल आहे, थेंबभर घातलं तरी पीएच धाडकन खाली येतो आणि साठ्यात काही शिल्लक नसतं, अगारमधे गेलं की तिथल्या पेप्टोनने ते लगेच जिरवलं. कोकमातलं आम्ल सौम्य आहे, पीएच तेवढाच दाखवतं पण मागे अख्खं गोदाम भरलेलं असतं, अगारने थोडं जिरवलं की मागून अजून सुटतं. पगार सारखा पण एकाच्या बँकेत शून्य आणि दुसऱ्याची गावाला दहा एकर बाग, तसं आहे हे.

मोजायचं असेल तर टायट्रेशन कर, बारावीतलंच. १० मिली अर्क घे, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमधून सोड, फिनॉल्फ्थॅलीन घालू नकोस कारण लाल अर्कात काही दिसणार नाही, पीएच मीटर लावून ८.२ पर्यंत जा. मग तेवढ्याच आम्लाचं सायट्रिक ॲसिड कर (दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं तेच, पण लॅबचं घे), तो खरा कंट्रोल. आणि चौथी विहीर, अर्काचा पीएच ७ ला आणून मग.

माहेरची_साडी_नाही

मी वाचनमात्र असते पण लिंबूसत्वावरून आठवलं, आमच्या शेजारी एकजण सोलकढीत आगळ महाग पडते म्हणून लिंबूसत्व आणि बीट घालायचे आणि पाहुण्यांना कोकमची म्हणून द्यायचे. चालू द्या.

रातांबा

😂😂 आजीला हे सांगू शकत नाही, तिला चक्कर येईल.

बरं, निकाल. १० मिली अर्काला ०.१ नॉर्मलचे २४ मिली लागले. माझ्या हायड्रोक्लोरिकवाल्या पाण्याच्या १० मिलीला अर्धा मिली पण नाही लागला, मीटरचा काटा पटकन उडाला. म्हणजे सरळ साठ पटीचा फरक आणि मी दोन्हीला "सेम पीएच" म्हणत बसले होते. हिशोब करून १०० मिलीत १.६८ ग्रॅम सायट्रिक (पाण्याचा रेणू असलेलं) घातलं, ते जुळलं.

टायट्रेशनमधे एक गंमत बघितली, कुणी सांगितली नव्हती. अर्क आधी गर्द लाल, सोडियम हायड्रॉक्साइड पडतं तिथे क्षणभर निळसर ढग येतो आणि ढवळलं की जातो, मग ५-६ च्या पुढे सगळंच मळकट जांभळं व्हायला लागलं आणि शेवटी शेवाळ्यासारखा हिरवट-तपकिरी. लॅबमधले सगळे बघायला गोळा झाले. अँथोसायनिन (पीएचप्रमाणे रंग बदलणारं रंगद्रव्य) ना हे? जास्वंदीचं करतो तसंच.

आणि प्लेटा:
सायट्रिक - ऑरियस २०, ई. कोलाय १९
मूळ पाण्याचा अर्क - २१ आणि १९ (परत तेच)
७ ला आणलेला अर्क - शून्य, शून्य

म्हणजे संपलं. झोन आमसुलाच्या आंबटपणाचाच होता. सरांना तिन्ही प्लेटा शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या, ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले चहा घेऊ. चहा झाल्यावर म्हणाले हेक्झेनचं काढलं नाहीस ना अजून?

नाही काढलं 🙂 पुढच्या आठवड्यात एमआयसी. गाळणकागद सर, एमआयसी लावताना त्यात पण थोडं आम्ल राहिलं असेल तर?

गाळणकागद

अर्क पाण्याबरोबर हलवून धुऊन घे, दोन-तीनदा, वेगळ्या होणाऱ्या पाण्याचा पीएच बघत राहा, तो साध्या पाण्याइतका आला की बास. हेक्झेनचा थर वरच राहील. धुतल्यावर सोडियम सल्फेटने ओलावा काढ आणि मग सुकव, हेक्झेन धुराड्याखालीच, आणि जवळपास बर्नर नको हे सांगायला नको पण सांगतो.

आणि हो, लाल-निळा तो अँथोसायनिनच. ८ च्या पुढे नेलंस तर तो मोडतो, म्हणून शेवाळी. म्हणजे ७ ला आणलेल्या अर्कात काहीतरी बदललं म्हणून झोन गेला असं कुणी परीक्षक म्हणू शकतो, तेव्हा तोच अर्क परत २.४ ला आणून एक विहीर लाव. झोन परत आला तर तोंड बंद.

कलम३पी

पेटंटचा विषय वर राहूनच गेला म्हणून. कोकम, पित्त, जुलाब, हे सगळं आधीच माहिती असलेलं ज्ञान आहे आणि आपल्या पेटंट कायद्यात कलम ३(पी) खाली पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही. हळदीचं प्रकरण आठवत असेल, १९९५ ला अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद म्हणून पेटंट दिलं गेलं, आपल्या सीएसआयआरने (सरकारी संशोधन परिषद), तेव्हा डॉ. माशेलकर प्रमुख होते, जुनी कागदपत्रं दाखवून आव्हान दिलं आणि १९९७ ला ते रद्द झालं. युरोपात कडुलिंबाचं तसंच, २००० साली रद्द आणि अपिलातही २००५ ला कायम. म्हणजे दुसऱ्याने घेतलं तर आपण लढतो आणि मग आपणच "कोकमाच्या अर्काची बॅक्टेरियाविरोधी कृती" म्हणून अर्ज टाकायचा, जरा विचित्र नाही का. शिवाय एकदा पेपर किंवा पोस्टर झालं की नवेपणा पण जातो, तेव्हा सरांना आधी ठरवायला सांग.

रातांबा

पेटंटचं सरांनी स्वतःच सोडलं 😄

एमआयसी झाली. धुतलेला हेक्झेन अर्क, ऑरियसवर ६२.५ मायक्रोग्रॅम, तिन्ही वेळा तेच आलं, एकदा ३१ ला पण पुसट होतं पण रेघ ओढली तर उगवलं म्हणून ६२.५ च धरलं. ई. कोलाय १००० ला पण मस्त वाढला. पाण्याचा ७ वाला अर्क १००० ला दोघांवर काही नाही. आणि ७ वरून परत २.४ ला आणलेल्याचा झोन परत आला, २० मिमी.

ज्याला ११ मिमी म्हणून काढून टाकणार होतो तोच कामाचा निघाला. प्रोजेक्टचं नाव बदललंय, दोन चॅप्टर परत लिहायला लागणार आणि सबमिशनला एकोणीस दिवस आहेत, तेव्हा आता इथे कमी दिसेन. मीठ न लावलेली सालं आजीने वाळत घातलीयत, पण म्हणते मीठ नाय लावलास तर बुरशी धरतली, मग तुझे जंतू तूच मोज.

पेट्रीताई

आजीला लॅबमधे घे. मिठाशिवायची सालं ओव्हनला ५० वर वाळव, उन्हात नको, पावसाळा तोंडावर आहे.